जेवत नाहीत, तो त्यांचा हट्ट नव्हे

गेल्या हिवाळ्यात एके सकाळी आमच्या राहात्याच्याच शिवारातले एक पेरूचे बागायतदार माझ्या दवाखान्यात आले. आले म्हणण्यापेक्षा मुलाने धरून आणले. वय साठीच्या आसपास. जठराचा कर्करोग. चार महिन्यांपूर्वी निदान झालेले आणि मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात औषधोपचार चालू असलेले. माझ्याकडे ते कर्करोगासाठी आलेच नव्हते. मुलाची तक्रार निराळी होती. "डॉक्टरसाहेब, आण्णांना जरा तुम्ही रागवा. तुमचं ऐकतील. घरात सगळं करून घालतो, पण दोन घासांच्या वर खात नाहीत. नुसता हट्ट धरून बसलेत." मागे उभ्या असलेल्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "माझ्या हातचं आता गोड लागत नाही त्यांना," त्या म्हणाल्या. आणि आण्णा चोरी करताना पकडलेल्या पोरासारखे मान खाली घालून बसले होते.

मी त्यांना रागावलो नाही. त्याचे कारण सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना फुप्फुसाचा कर्करोग झाला, तेव्हा मी चांगला शिकलेला, दवाखाना चालवणारा डॉक्टर होतो. तरी त्यांच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत मी दुसरे काय केले? ताट पुढे करायचे, ते दोन घास खाऊन थांबले की आवाज चढवायचा. "दादा, तुम्ही मनावरच घेत नाही." एकदा ते म्हणाले, "मी घेतो रे बाबा मनावर, पण आत कोणी घेत नाही." मला ते तेव्हा कळले नाही. आमच्या त्या शेवटच्या दिवसांतली निम्मी बोलणी ताटावरून झालेली भांडणे होती. ती परत घेता येत नाहीत. वैद्यकशास्त्राने नंतरच्या वर्षांत जे शोधून काढले, ते दादांनी त्या एका वाक्यात सांगून टाकले होते, असे आता वाटते.

वाचकहो, कर्करोगाचा माणूस झिजतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. गाल बसतात, गळ्याची हाडे वर येतात, अंगठी बोटातून निसटते, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसतो. आपण म्हणतो, "खात नाही, म्हणून वाळला." हे ऐकायला बरोबर वाटते, पण अर्धेच खरे आहे. उपाशी माणसाचे शरीर आधी चरबी जाळते आणि स्नायू शक्यतो राखून ठेवते. पुन्हा पोटभर अन्न मिळाले की तो भरून निघतो. दुष्काळातून उठलेली माणसे आणि जनावरे आपल्या जिल्ह्याने पुष्कळ पाहिली आहेत. चारा मिळाला की गाय महिन्या-दोन महिन्यांत अंग धरते. कर्करोगातली झीज अशी वागत नाही. इथे स्नायू आणि चरबी एकाच वेळी जातात, आणि नुसते अन्न वाढवून गेलेले वजन पुरतेपणी परत येत नाही. २०११ साली जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून या झिजेची व्याख्या ठरवली, तेव्हा हीच गोष्ट त्यांनी व्याख्येत घातली. तिला इंग्रजीत 'कॅकेक्सिया' म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ 'वाईट अवस्था'. आपल्याकडे जुन्या मंडळींच्या तोंडी 'शोष' असा शब्द असे, तो मला जास्त नेमका वाटतो.

मग हा शोष होतो कशाने? याची कथा गुरांच्या आणि सशांच्या एका रोगापासून सुरू होते, म्हणून आपल्या भागातल्या वाचकाला ती समजायला सोपी जाईल. आफ्रिकेत ट्रिपॅनोसोम नावाच्या जंतूमुळे गुरे वाळून मरतात. न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतले अँथनी सेरामी आणि त्यांचे सहकारी या जंतूची बाधा झालेल्या सशांचा अभ्यास करत होते. त्यांना आढळले ते असे की अंगात जंतू अगदी थोडे, आणि झीज मात्र भयंकर. म्हणजे जंतू सशाला खात नव्हते. सशाच्या स्वतःच्या संरक्षक पेशी एक रसायन सोडत होत्या आणि ते त्याला वाळवत होते. त्या रसायनाला त्यांनी 'कॅकेक्टिन' नाव दिले. १९८५ साली सेरामी आणि ब्रूस ब्यूटलर यांनी दाखवले की हे कॅकेक्टिन आणि शास्त्रज्ञांना आधीच माहीत असलेले 'ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर' नावाचे रसायन एकच आहे. ब्यूटलर यांना पुढे २०११ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते रोगप्रतिकारशक्तीवरच्या दुसऱ्या कामासाठी.

तेव्हा सर्वांना वाटले की आता झाले, हे एक रसायन अडवले की शोष थांबेल. तशी औषधेही निघाली. संधिवातात ती गुणकारी ठरली, पण कर्करोगाच्या झिजेत त्यांनी निराशा केली. कारण चोर एकटा नव्हता. गाठीतून आणि तिच्याशी झगडणाऱ्या आपल्याच पेशींतून अशी अनेक रसायने रक्तात येतात, आणि त्यातली बरीचशी जिथे जाऊन काम करतात ती जागा पोटात नसून मेंदूत आहे.

आता 'मेंदूचा दाह' म्हटले की आपल्याकडे लगेच मेंदूज्वर आठवतो. नातेवाईक घाबरतात. तसे नव्हे. गळू आले की ती जागा लाल होते, तापते, ठणकते. यालाच आम्ही दाह म्हणतो, आणि तो शरीराच्या बचावाचाच एक भाग असतो. कर्करोगात मेंदूच्या काही नेमक्या भागांत अतिशय मंद असा दाह धुमसत राहतो. तो साध्या तपासणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. कुणी तुम्हाला 'मेंदूची सूज उतरवणारा काढा' विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. (कर्करोगाच्या रुग्णाचे डोके सतत दुखत असेल, सकाळी उठल्याउठल्या उलट्या होत असतील, झटके येत असतील, तर ती गोष्ट वेगळी. गाठ मेंदूत पसरल्याचेही ते लक्षण असू शकते, तेव्हा वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.)

साध्या तापाचे उदाहरण घ्या. दणकून ताप आला की तुम्हाला जेवावेसे वाटते का? अंथरुणातून उठावेसे वाटते का? गाय तापली की वैरणीला तोंड लावत नाही, कान पाडून कोपऱ्यात उभी राहते. तिला कुणी हट्टी म्हणत नाही. संरक्षक पेशींनी सोडलेली रसायने मेंदूला सांगतात, 'आता चरायला हिंडू नकोस, पडून राहा, शक्ती जपून ठेव.' तीन-चार दिवसांच्या तापात हा हुकूम उपयोगी असतो. ताप उतरतो, हुकूम मागे घेतला जातो, आणि माणूस भाकरी मागतो. कर्करोगात गाठ अंगात असते तोवर हुकूम मागे घेतलाच जात नाही. महिनोन्‌महिने मेंदूला वाटत राहते की अंगात ताप आहे.

मेंदूच्या तळाशी शेंगदाण्याहून फारसा मोठा नसलेला 'हायपोथॅलॅमस' नावाचा भाग आहे. भूक, तहान, अंगाची उष्णता यांचे कारभारीपण त्याच्याकडे. त्यात एका प्रकारच्या पेशी 'खा' म्हणतात, दुसऱ्या प्रकारच्या 'पुरे' म्हणतात. दाहाची रसायने इथे पोचली की 'पुरे' म्हणणाऱ्यांचा आवाज वाढतो. माणसाच्या पोटात सकाळपासून कण नसतो आणि त्याचा मेंदू त्याला सांगत असतो की आत्ताच पंगतीतून उठलास. आपण पुरणपोळीचे जेवण करून उठल्यावर कुणी पुन्हा ताट वाढून समोर बसावे आणि "खा, खा" म्हणावे, तसे त्याला दिवसातून चार वेळा होते.

स्नायूंचेही तसेच. २०११ मध्ये अमेरिकेत ओरेगॉन येथील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या फक्त मेंदूत दाह करणारे एक रसायन थोडेसे सोडले. स्नायूंना हातही लावला नाही. तरी स्नायू झिजले. मेंदूकडून मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथींना निरोप गेला, त्यांनी आपली संप्रेरके सोडली, आणि त्या संप्रेरकांनी स्नायू तोडायला सुरुवात केली. त्या ग्रंथी आधीच काढून टाकलेल्या उंदरांत ही झीज टळली. मेंदूतल्या दाहाने मांडीचा मांसल भाग वितळू शकतो, हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो होतो.

आणखी एका रसायनाविषयी सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण त्याची ओळख घराघरातल्या बायकांना आहे, फक्त नाव ठाऊक नाही. त्याचे नाव 'जीडीएफ-१५'. अनेक कर्करोगांत ते रक्तात भरपूर वाढते. ते काम करते मेंदूच्या मागच्या, मानेकडच्या भागात, जिथे मळमळ आणि उलटीची केंद्रे आहेत. तिथे त्याला ओळखणारे कुलूप सापडले २०१७ साली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की गरोदरपणात काही स्त्रियांना ज्या अनावर उलट्या होतात, त्यामागेही हेच जीडीएफ-१५ आहे. वारेतून आणि गर्भाकडून ते आईच्या रक्तात येते.

आता विचार करा. घरात सून गरोदर असते, फोडणीचा वास आला की तोंडाला पदर लावून मोरीकडे धावते. तिला कुणी "हट्टी आहेस, मनावर घेत नाहीस" असे म्हणते का? सासू स्वतः फोडणी बंद करते, चिंच आणून देते, "नको असेल तर राहू दे बाई" म्हणते. वासाचे ते नकोसेपण शरीरातून येते, हे आपल्या आजीपणजींना कुणी न शिकवता ठाऊक होते. तेच रसायन, मेंदूतली तीच जागा, आणि कर्करोगाच्या माणसाला मात्र आपण ताटावर बसवून बोल लावतो. आण्णांच्या घरी मुलाने सांगितले की बाग तोडीला आली की ते खिडकी लावून घेतात, पिकल्या पेरूचा वास त्यांना सोसत नाही. ज्या माणसाची हयात पेरूच्या वासात गेली, त्याला!

खाण्यावरून जसे बोलले जाते, तसेच 'उमेद' या शब्दावरून. "डॉक्टर, त्यांनी हिंमतच सोडली," असे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावे लागते. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहणे, नातू आला तरी वळून न पाहणे, रेडिओ बंद करायला सांगणे. यावरही अलीकडे काम झाले आहे. एप्रिल २०२५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी झिजणाऱ्या उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. इंटरल्युकिन-६ नावाचे दाहाचे रसायन मेंदूच्या मागच्या भागातल्या, रक्तातली रसायने जिथे सहज शिरू शकतात अशा एका छोट्या जागेला कळते. तिथून निरोप पुढे जातो आणि मेंदूतल्या 'काहीतरी करावे' अशी इच्छा निर्माण करणाऱ्या केंद्रातले डोपामिन कमी होते. असे उंदीर खाऊ मिळवण्यासाठी कष्ट करायला नकार देतात. तो निरोप मध्येच अडवला, तर गाठ अंगात असूनही त्यांच्यात पुन्हा धडपड येते. ही उंदरांची गोष्ट आहे, माणसाला ती जशीच्या तशी लावता येणार नाही. पण 'हिंमत सोडली' म्हणून बापाला दोष देण्याआधी मुलाने एकदा थांबावे, एवढे तरी त्यातून निघते.

आपल्या शेजारच्या गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना २०१८ साली स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. अमेरिकेत उपचार झाले, दिल्लीच्या एम्समध्ये झाले. जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी असताना ते पणजीच्या मांडवीवरील नव्या पुलाच्या उद्‌घाटनाला आले, आणि त्याच आठवड्यात त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. १७ मार्च २०१९ रोजी ते गेले. त्या दिवसांतले वर्तमानपत्रातले त्यांचे छायाचित्र माझ्या दवाखान्यात बसलेल्या मंडळींनी हातोहात पाहिले. एक म्हातारबुवा म्हणाले, "ह्यांना काय खायला कमी होतं हो?" प्रश्न बिनतोड होता. त्यांच्या अंगात नेमके काय घडत होते, ते त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर जाणोत. पण उपचारांची वाण नव्हती आणि उमेदीची तर नव्हतीच नव्हती, हे सगळ्या देशाने पाहिले. तरी अंग झिजले. ज्या कर्करोगांत शोष सर्वांत जास्त होतो त्यांत स्वादुपिंड पहिल्या रांगेत आहे, आणि त्याच्या जोडीला जठर, अन्ननलिका व फुप्फुस.

असो. मग करायचे काय? इथे मला आपल्याकडच्या चार चुकीच्या चालींबद्दल थोडे कठोर बोलायचे आहे.

पहिली सलाईनची. दुखणाईत जेवत नाही म्हटले की घरचे लोक म्हणतात, "एक बाटली लावा, ताकद येईल." मीही पूर्वी लावली आहे, खोटे कशाला बोलू. हिशेब करा. पाच टक्के साखरेच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. त्यातून ८५ ते १०० कॅलरी मिळतात, म्हणजे फार तर एक चपाती. आणि मिठाच्या साध्या सलाईनमध्ये कॅलरी शून्य. शरीरातले पाणी कमी झाले असेल तर सलाईन हवेच, पण शोषावर ते औषध नव्हे. तेवढ्या पैशांत घरात आठवड्याची अंडी येतात.

दुसरी पथ्याची. कर्करोग झाला की शेजारीपाजारी जाणकार होतात. दूध बंद, अंडी बंद, गूळसाखर बंद, कारण 'साखरेवर गाठ पोसते'. मधुमेह नसेल तर अशा माणसाची साखर तोडून गाठ उपाशी मरत नाही, माणूस तेवढा उपाशी राहतो. जो दिवसाला चार घास खातो त्याचे दोन घास पथ्याने काढून घेणे हा शहाणपणा नव्हे. एकादशी, संकष्टी या काळात बाजूला ठेवावी. माझी आई म्हणत असे, आजाऱ्याचा उपवास देव मोजत नाही.

तिसरी महागड्या डब्यांची. औषधांच्या दुकानातला प्रोटिनचा डबा वाईट नाही, गिळायला त्रास असेल तेव्हा उपयोगीही पडतो. पण कर्ज काढून आणावा असे त्यात काही नाही. शेंगदाण्याचे कूट घातलेली पातळ लापशी, तूप घातलेली मऊ मुगाची खिचडी, दुधात कालवलेले नाचणीचे सत्त्व, उकडलेले अंडे, घट्ट दही, हे सारे त्याच कामाचे आहे. गरम जेवणाचा वास जास्त सुटतो, म्हणून पुष्कळांना गार किंवा कोमट पदार्थ बरे पडतात. मोठे ताट वाढूच नये. भरलेले ताट पाहूनच त्यांचा जीव दडपतो. वाटीभर, दोन-दोन तासांनी, आणि जवळ बसून घास मोजायचे नाहीत. सकाळी भूक जरा बरी असते, तेव्हा पौष्टिक ते द्यावे. घरातल्या घरात, अंगणापर्यंत, झेपेल तेवढे चालवावे. जो स्नायू वापरात आहे तो उशिरा झिजतो.

चौथी चाल सर्वांत महाग पडते. 'कॅन्सर आहे, आता वजन जाणारच' म्हणून गप्प बसणे. खाणे कमी होण्याची सगळी कारणे मेंदूतच नसतात. तोंडात पांढरी बुरशी आली असेल, औषधाने तोंड सोलले असेल, दुखणे पुरेसे आवरलेले नसेल, दुखण्याच्या गोळ्यांनी आठ-आठ दिवस शौचाला झाली नसेल, तर कोण जेवेल? स्वादुपिंडाच्या दुखण्यात पाचकरस कमी पडून खाल्लेले तूप-तेल तसेच बाहेर पडते, त्यावर गोळ्या आहेत. आपल्याकडे तंबाखू, मिश्री, गुटख्याने होणारे तोंडाचे कर्करोग पुष्कळ. तिथे तोंडच उघडत नसेल तर नाकातून नळी घालून अन्न देण्याचा निर्णय लवकर घ्यावा. नळीला लोक शेवटची पायरी समजतात, ती तशी नाही. या सगळ्या गोष्टी तुमच्या तालुक्यातला डॉक्टरही पाहू शकतो, पण त्याला कुणी सांगितले तर.

आणि मेंदूच्या त्या चुकीच्या हुकुमावर? त्यावर पुरता उतारा अजून नाही, पण हात अगदी रिकामेही नाहीत. पुद्दुचेरीच्या जिपमर या सरकारी संस्थेतल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाचा कर्करोग पुढे गेलेले १२४ रुग्ण घेतले. केमोथेरपीबरोबर निम्म्यांना रोज अडीच मिलिग्रॅम ओलान्झापिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, बारा आठवडे. खोट्या गोळीवर ९ टक्के लोकांचे वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढले. ओलान्झापिनवर ६० टक्क्यांचे. ही गोळी जुनी, स्वस्त, कुठेही मिळणारी. मोठ्या मात्रेत ती मानसिक आजारासाठी वापरतात, त्यामुळे घोटाळा होतो. दुकानदार किंवा कुणी शहाणा नातेवाईक म्हणतो, "ही तर वेड्यांची गोळी," आणि घरचे ती फेकून देतात. ती मेंदूतल्या मळमळीच्या आणि भुकेच्या केंद्रांवर काम करते म्हणून दिलेली असते. तिने झोप येते, काहींची साखर वाढते, म्हणून स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. स्टेरॉईडच्या गोळ्यांनीही भूक लागते, पण काही आठवडेच, आणि जास्त दिवस घेतल्या तर त्या स्वतःच स्नायू झिजवतात.

जीडीएफ-१५ ला रक्तातच पकडणाऱ्या पोन्सेग्रोमॅब नावाच्या इंजेक्शनची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. १८७ रुग्ण होते. बारा आठवड्यांत मोठ्या मात्रेच्या गटाचे वजन खोट्या औषधाच्या गटापेक्षा सुमारे पावणेतीन किलोंनी सरस राहिले.  जपानने २०२१ मध्ये भूक वाढवणाऱ्या अ‍ॅनामोरेलिन या गोळीला परवानगी दिली. वाट आहे, एवढे नक्की.

पण माझे मुख्य म्हणणे औषधांबद्दल नाही, एका आकड्याबद्दल आहे. आण्णांची फाईल मी उघडली. जाडजूड फाईल, तपासण्यांचे कागद, स्कॅनच्या प्लेटा. केमोथेरपीची मात्रा उंची आणि वजनावरून ठरते, म्हणून प्रत्येक वेळी वजन लिहिलेले होतेच. मी ते आकडे एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक उतरवले. ६०, साडेसत्तावन्न, ५५, आणि माझ्या काट्यावर ५१. चार महिन्यांत नऊ किलो, म्हणजे पंधरा टक्के. २०११ च्या त्या व्याख्येप्रमाणे सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन गेले की शोष सुरू झाला असे समजायचे. साठ किलोच्या माणसाला तीन किलो. ती रेघ त्यांनी तिसऱ्या खेपेलाच ओलांडली होती. फाईलमधले आकडे वेगवेगळ्या पानांवर होते, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले. ते कुणी एकाखाली एक ठेवून पाहिले नव्हते. मी कुणा एकाला दोष देत नाही, गर्दी मी जाणतो. पण रक्तदाब, साखर यांचा जसा तक्ता असतो तसा कर्करोगाच्या प्रत्येक फाईलच्या पहिल्या पानावर वजनाचा तक्ता असावा, आणि पाच टक्के घटले की आहारतज्ज्ञाकडे चिठ्ठी जावी, असा नियम करायला पैसा लागत नाही. जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. त्या केंद्रांत महागडी यंत्रे येतील तेव्हा येतील. वजनकाटा आणि तो वाचणारा माणूस पहिल्या दिवसापासून बसवा, अशी माझी मागणी आहे.

तोवर हे काम घरच्यांनी करावे. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, त्याच कपड्यांत. पायांना किंवा पोटाला सूज असेल तर ते डॉक्टरांना सांगावे, पाण्याने वजन फसवे वाढते. आणि पुढच्या खेपेला मुंबईला टाटाला जा, नाशिकला जा, पुण्याला जा की आपल्याच तालुक्यातल्या लोणीच्या रुग्णालयात, तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर सर्वांत वर ठेवावा.

आण्णांचे पुढे काय झाले ते वाचकांना वाटत असेल. त्यांच्या टाळूवर पांढरी बुरशी होती, त्यावर औषध दिले. पाच दिवसांची बद्धकोष्ठता होती, ती दूर केली. आकड्यांचा तो कागद जोडून त्यांच्या कर्करोगाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. त्यांनी रात्रीची ती छोटी गोळी सुरू केली. मुलाला आणि काकूंना मी बाहेरच्या बाकावर बसवून गरोदर सुनेचा दाखला दिला. काकू पहिल्यांदा हसल्या, मग बऱ्याच वेळ काही बोलल्या नाहीत. "म्हणजे माझ्या हाताचा दोष नाही तर," एवढेच म्हणाल्या.

आता त्या वाटी आण्णांच्या उशाशी ठेवतात आणि दुसऱ्या कामाला निघून जातात. मुलगा दर सोमवारी भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात वजन लिहितो. सात सोमवारांत ५१ चे साडेएक्कावन्न झाले आहे, म्हणजे घसरण थांबली. आण्णा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसतात, मुलाशी मजुरांच्या हिशेबावरून वाद घालतात. बागेकडची खिडकी अजून बंदच असते.